रामनिवासजींचा होकार

पोलादी बेअरिंग चिमटीत धरून कानाशी फिरवताना रामनिवासजींचे डोळे आपोआप मिटत, आणि माघाच्या कोवळ्या उन्हात त्यांचा चेहरा तंबोरा लावणाऱ्या गवयासारखा निवांत दिसे. जयपूरच्या ठठेऱ्यांच्या, म्हणजे तांबटांच्या, गल्लीत, तांब्याच्या हंड्यांवर पडणाऱ्या हातोड्यांच्या नादात ते वाढलेले. धातू खोटा बोलला की त्यांना ऐकू येई. म्हणून तर शहराबाहेरच्या बेअरिंगच्या नव्या कारखान्याने त्यांना उचलून तपासनीस केले. क्वार्टर दिली, नळ दिला, विजेचा दिवा दिला आणि त्यांच्या कमलाला कंपनीच्या शाळेत जागा दिली. सात पिढ्यांत पहिल्यांदा त्या घरात कुणी पुस्तक वाचत होते, तेही मुलगी!

पण जे कान पाहून कारखान्याने त्यांना घेतले, ते कान त्याच कारखान्याच्या यंत्रांनी दहा वर्षांत खाऊन टाकले. रामनिवासजींनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. बेअरिंग ते हळूच दातांत धरून फिरवत. हाडातून येणाऱ्या थरथरीवरही त्यांची पारख चुकत नसे. संध्याकाळी कमला मोठ्याने धडा वाची आणि ते मान डोलवत. ती मॅट्रिक होईपर्यंत निभावले म्हणजे झाले, एवढेच त्यांचे मागणे होते. हे सारे मला फार उशिरा कळले.

मी कारखान्याचा डॉक्टर, नागपूरहून नवा आलेला, शहाणपणाने फुगलेला. वार्षिक तपासणीत रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाठीमागे उभा राहून मी हलक्या आवाजात त्यांचे नाव घेतले. ते वळले नाहीत. खरे लिहिले तर बिचाऱ्यांना भरपाई मिळेल, असे मला वाटले. अहवाल लिहून, त्यांना समोर बसवून मी वाचून दाखवला आणि विचारले, "रामनिवासजी, भेज दूँ ना?"

ते प्रसन्न हसले. "जी डॉक्टरसाब, आपकी मेहरबानी."

आठवड्याभरात ते 'अपात्र' ठरले. भरपाई नाहीच, क्वार्टर गेली, कमलाची शाळा गेली. गल्लीत परतले, तर भांड्याचा सूर ऐकू न येणाऱ्या ठठेऱ्याला काम कोण देणार? ना घरका ना घाटका. कमला शहरातल्या सोडाला वस्तीत लोकांची भांडी घासू लागली.

मी कधी गल्लीत गेलो की रामनिवासजी लगबगीने उठत, हात जोडत, आपल्या गादीवर बसवत. कमला मात्र मला पाहताच आत निघून जाई. तिला वाचता येत होते. वडिलांना जो कागद ऐकूच आला नव्हता, तो तिने वाचला होता.

रामनिवासजी गेले, त्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली. काळ माणसे नेतो, गल्ल्या बदलतो. पण ते जोडलेले हात माझ्यासमोरून काही केल्या खाली येत नाहीत.