भिंतीवरच्या मामाचा डावा डोळा

शेवटी भिंतीवरच्या मामाने साहेबांना डोळा मारला आणि साहेबांनी मामाची क्लॅरिनेट जप्त केली.

हे वाक्य विसरा. असं काही घडलेलं नाही. सौंदर्यीकरण विभागाने तसं कळवलंच आहे. त्या दिवशीची पायी फेरी आनंदी व शांत वातावरणात पार पडली, कुठल्याही चित्राने कुणालाही डोळा मारला नाही, आणि जप्त काहीही केलेलं नाही. तेव्हा आपण काहीच न घडलेल्या त्या सकाळपासून सुरुवात करू.

त्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी भोंगा हिरवं निशाण घेऊन उभी होती आणि तिच्या डोक्याची भट्टी झाली होती. भोंगा म्हणजे मामाची भाची. हे नाव तिला शाळेत पडलं, कारण तिने कानात सांगितलेलं उत्तर शेजारच्या वर्गातली मुलंही लिहून घ्यायची. मोठी झाल्यावर तिने या आवाजाचं काहीतरी भलं करायचं ठरवलं आणि ती पाहुण्यांना गल्ली दाखवू लागली. कुठल्या शटरवर कुणाचं चित्र आहे, कोण कुठल्या पायरीवर बसून काय वाजवायचा, कोण कुणाला बेसूर म्हणाला आणि मग दोन घरं कशी एकमेकांशी बोलायची थांबली, हे सगळं ती चालता चालता सांगायची. कोपऱ्यावरून मामाची क्लॅरिनेट ऐकू यायची. लोक चित्रं बघायला यायचे आणि गुणगुणत परत जायचे.

मग विभागाला गल्ली सापडली.

विभागाने गल्लीला वारसा म्हणून जाहीर केलं. एखादी गोष्ट वारसा झाली की आधी तिचा आवाज बंद करतात. कंपनांमुळे भिंतीचा रंग सुटतो असा अहवाल आला आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पाट्या लागल्या: परवानाधारक कलाकार वगळता इतरांस वाद्य वाजवण्यास मनाई. पाटी रोवायला रस्ता फोडायचं यंत्र आठवडाभर धडधडत होतं, पण ते वाद्यात मोडत नव्हतं. फेरीसुद्धा विभागाने घेतली आणि तिचं नाव ठेवलं 'शांत फेरी'. पाहुण्यांच्या कानाला हेडफोन, हेडफोनमध्ये कुणा बाईचा गुळगुळीत आवाज, त्याच्यामागे मामाच्याच क्लॅरिनेटचं रेकॉर्डिंग. भोंगाला कामावर ठेवलं ते निशाण धरून पुढे चालायला. तोंड न उघडता. भोंग्यात बोळा कोंबायचा आणि वर त्याला पगार द्यायचा, असला हा कारभार.

हे तिने एक वेळ गिळलंही असतं. पण विभागाने मामाला मारलं, ते तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

मारलं म्हणजे असं. या गल्लीतली सगळी चित्रं पेंटरमावशीची. मावशीचा एक नियम होता आणि तो गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. जिवंत वादकाचे डोळे मिटलेले काढायचे, कारण वाजवताना तो ते मिटतोच. माणूस गेला की मावशी शिडी घेऊन यायची आणि चित्रातले डोळे उघडायची. आता वाजवायचं काम संपलं, आता बस निवांत बघत. गावाहून परतलेला माणूस आधी भिंतीवरून नजर फिरवायचा आणि मग कुणाच्या घरी जाऊन काय बोलायचं ते ठरवायचा.

विभागाच्या माणसाने कोपऱ्यावरच्या भिंतीवर क्लॅरिनेट धरलेला मामा पाहिला, मिटलेले डोळे पाहिले, टोपी काढली, आणि खालच्या पितळी फलकावर मामाच्या नावाआधी 'दिवंगत' कोरून घेतलं. पलीकडच्या शटरवरच्या ढोलवाल्या आजी मात्र खरोखर गेल्या होत्या आणि त्यांचे डोळे चांगले टपोरे उघडे होते. त्यांना त्याने वाजवायचा परवाना पाठवला.

मामा स्वतः विभागाच्या अर्जखिडकीवर जाऊन आला होता. खिडकीतली बाई म्हणाली, "मृताच्या वतीने कोण बोलतंय? नातं काय?"

"मी तोच आहे," मामा म्हणाला.

बाईने कॉम्प्युटरवर खालीवर बघितलं. "पती आहे, पुत्र आहे, भाऊ आहे. 'तोच' असं नातं नाहीये. इतरमध्ये टाकू?"

इतरमध्ये टाकलं. इतरचं काही झालं नाही.

मामा यावर हसायचा, पण भोंगाला त्याचे ओठ दिसत होते. क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची एक पातळ पत्ती असते, ती खालच्या ओठावर धरून फुंकायची. रोज वाजवलं नाही तर ओठ सैल पडतात, आणि मामाच्या वयात सैल पडलेले ओठ परत येतील याची खात्री नाही. घरी वाजवायची सोय नव्हती. एकच खोली, पुठ्ठ्यासारखी भिंत, आणि भिंतीपलीकडे रात्रपाळी करून दिवसा झोपणारी नर्स. म्हणून मामा नुसतीच पत्ती तोंडात धरून खाटेवर बसायचा, बोटं मांडीवर हलवत. ते बघितलं की भोंगाला वाटायचं, विभागाची इमारत उचलून आपटावी. एका खेपेत जमली नाही तर मजल्यामजल्याने.

आणि आज फेरीला खुद्द विभागाचे साहेब येणार होते. फलकावरचा तो एक शब्द काढायचा अधिकार त्यांना होता. शब्द गेला की मामा जिवंत, जिवंत झाला की परवाना, परवाना मिळाला की कोपरा. भोंगाने मामाला बजावून ठेवलं होतं, "क्लॅरिनेट घेऊन भिंतीपाशी उभा राहा. आणि जरा जिवंत दिस."

"कोणता शर्ट घालू?" मामाने विचारलं होतं.

फेरी निघाली. साहेब, एक हातात हात अडकवलेलं जोडपं, आणि मोठी हॅट घातलेल्या निवृत्त भूगोलाच्या बाई. पहिला थांबा कुलूपवाल्याचं शटर. ढोलवाल्या आजी डोळे वटारून बघत होत्या आणि त्यांचा परवाना फ्रेम करून बाजूला लावलेला होता.

"छान आहे हो!" भूगोलाच्या बाई ओरडल्या. कानाला हेडफोन असल्यामुळे या शांत फेरीतला प्रत्येक माणूस केकाटत बोलायचा.

दुसऱ्या थांब्यावर विभागाने स्वतः भिंतीवर रंगवून घेतलेले पंख होते. कुठेही रिकामी भिंत दिसली की विभागाला पंख फुटतात. जोडपं त्या पंखांमध्ये उभं राहिलं, त्यांनी फोटो काढला, मग जागा बदलून पुन्हा काढला. पंखांच्या खाली पूर्वी तीन भाऊ बसून गायचे. भोंगाच्या जिभेवर त्यांची अख्खी गोष्ट आली होती, थोरल्याच्या खोकल्यासकट. तिने ती चावून गिळली आणि निशाण वर केलं.

कोपऱ्यावर मामा इस्त्रीचा शर्ट घालून, क्लॅरिनेट पोटाशी धरून, स्वतःच्या चित्राखाली उभा होता. इतका जिवंत दिसत होता की बघवत नव्हतं. समोर पेंटरमावशी शिडीवर चढून न्हाव्याच्या पाटीची अक्षरं उजळत होती.

भूगोलाच्या बाईंनी फलक वाचला आणि मामालाच ओरडून विचारलं, "हे वारले कधी?"

"अजून ठरलं नाही," मामा म्हणाला.

भोंगाने साहेबांच्या कानावरचे हेडफोन स्वतःच्या हाताने काढले. आतून मामाची क्लॅरिनेट बारीक किरकिरत होती. "साहेब, हा माझा मामा. हे चित्र याचं. हा मेलेला नाही."

साहेबांनी मामाकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं. "साम्य आहे."

"साम्य नाही, तोच आहे!"

"हे बघा मॅडम, आवाज खाली. माझं वैयक्तिक मत विचाराल तर हे गृहस्थ मलाही बरे वाटतात. पण फलक चित्राशी जुळावा लागतो. चित्र हा मूळ पुरावा. चित्रात डोळे मिटलेत."

"वाजवताना मिटतात ते! इथे जिवंत माणसाचेच मिटलेले काढतात. त्या ढोलवाल्या आजी गेल्यात, त्यांचे उघडे आहेत. गल्लीत कुणालाही विचारा."

"गल्लीला विचारून वारसा ठरत नसतो. डोळे उघडे असते तर मी आत्ताच्या आत्ता शब्द काढायला सांगितला असता. पण मिटलेत त्याला मी काय करू? मी तर नाही मिटवले." आणि त्यांनी हेडफोन परत कानाला लावले. लावले आणि वर डोकं डोलवायला लागले. मामाच्या सुरावर, मामासमोर.

भोंगाच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. पुढचं तिने ठरवून केलं नाही, हे तिच्या बाजूने सांगितलं पाहिजे. ती रस्ता ओलांडून गेली आणि मावशीला म्हणाली, "उतर."

"का गं?"

"उतर म्हणते ना!"

मावशी उतरली, कारण त्या आवाजाला रस्ता फोडायचं यंत्रही उतरलं असतं. भोंगाने शिडी उचलून मामाच्या भिंतीला टेकवली, पांढऱ्या आणि काळ्या रंगाचे डबे बोटांना अडकवले आणि वर चढली. साहेबांना डोळे हवेत ना, घ्या डोळे. तिने ब्रश बुडवला आणि मिटलेल्या डाव्या पापणीवर एक मोठा, पांढरा, अंड्याएवढा डोळा काढला. पाटीच्या काळ्या रंगात बोट बुडवून मधोमध बुबुळ टेकवलं. रागाच्या भरात बुबुळ जरा नाकाकडे सरकलं.

"उघडला! झाला जिवंत! आता काढा शब्द!" तिचा आवाज पंखांपर्यंत गेला आणि तिथेच रेंगाळलेल्या जोडप्याने हेडफोन असूनही वळून पाहिलं.

खालून मावशी किंचाळली, "अगं बये, मारलंस की त्याला!"

भोंगा वरच्या पायरीवर थिजली.

समोर इस्त्रीवालीने मान वर केली, उघडा डोळा पाहिला, तोंडावर हात ठेवला आणि शटर खाली ओढायला लागली. मग दुसरा डोळा मिटलेला दिसला, म्हणून तिने शटर अर्ध्यावरच थांबवलं. वरच्या खिडकीतून कुणीतरी विचारलं, "गेला का?" आणि दुसरं कुणी म्हणालं, "निम्मा."

भोंगाने खाली पाहिलं. साहेबांच्या लेखी मामा मिटलेल्या डोळ्याने मेला होता. आता गल्लीच्या लेखी उघड्या डोळ्याने मरायला लागला होता. दोन्हीकडून मिळून एक अख्खा मृत्यू होत होता, आणि त्यातला अर्धा तिने स्वतःच्या हाताने केला होता. भिंतीवरचा मामा मात्र एक डोळा मिटून, एक वटारून, सगळ्या चौकाला डोळा मारत होता.

"मामा," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज नुसता खालपर्यंतच पोचला. "मामा, मी पुसते रे."

"राहू दे," मामा म्हणाला. "उतर तू. पडशील."

मग त्याने पत्ती तोंडात ओली केली, क्लॅरिनेट ओठाला लावली आणि डोळे मिटले. पहिला सूर फाटला. दुसराही फाटला. ओठ धरत नव्हते, कडेने हवा सुटत होती, आणि शिडीवरून ते ऐकताना भोंगाला वाटलं की आपण हा डबा साहेबांच्या डोक्यात पालथा घालणार. तिसरा सूर धरला. चौथा त्याला लागून आला. चाल जुनीच होती, पण मध्ये मध्ये भोकं पडलेली, आणि मामा त्या भोकांवरून थांबून, श्वास घेऊन, चिडून पुढे जात होता. मामा चिडलेला भोंगाने कधी ऐकला नव्हता. इस्त्रीवालीने शटर कडाडकन वर केलं. भूगोलाच्या बाईंनी हेडफोन गळ्यात घेतले. "हे जास्त चांगलं आहे," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हळू बोलल्या.

भिंतीवरून रंगाचा कणही पडला नाही. पडलाच तर तो भोंगाच्या ब्रशवरचा.

साहेबांनी शिट्टीवाल्या रखवालदाराला बोलावलं. "दंड करा."

रखवालदाराने पावतीचं यंत्र काढलं, मामाचं नाव टाकलं, आणि यंत्राने नकार दिला. "साहेब, हे दिवंगत आहेत. दिवंगतांना दंड होत नाही."

"बघा!" भोंगा शिडीवरून गरजली. "दंड करा ना! करा! म्हणजे जिवंत ठरेल!"

साहेबांनी विचार केला. ते मूर्ख नव्हते, राग यायचा तो त्याचाच. "मग इथे वाजवणारं कुणी नाही," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे ही क्लॅरिनेट बेवारस आहे. सार्वजनिक जागेत बेवारस वस्तू. सांभाळायला ठेवा."

रखवालदाराने मामाच्या हातातून क्लॅरिनेट घेतली. ओढली नाही, घेतली, कारण मामाने ओढाओढ केली नाही. लाकूड जुनं होतं, चिरलं असतं. भोंगा धडाधड खाली उतरली, शेवटच्या पायऱ्या तर उतरलीच नाही, पण तोवर क्लॅरिनेट घेऊन विभागाची गाडी निघाली होती. पत्ती तेवढी मामाने आधीच काढून तोंडात ठेवली होती. त्याने ती गालात सरकवली आणि भोंगाच्या रंगाने माखलेल्या हाताकडे पाहिलं.

"अर्ज कर," तो म्हणाला. "आणि चांगला खणखणीत लिही. तुझ्या आवाजात."

तिने त्याच दुपारी लिहिला.

"महोदय, सार्वजनिक जागेत बेवारस आढळलेली एक क्लॅरिनेट आपल्या ताब्यात आहे. सदर वाद्याचे मालक दिवंगत असल्याचे आपल्याच फलकावरून सिद्ध होत असल्याने, ते त्यांच्या जवळच्या वारसास सुपूर्द करण्यात यावे. वारस म्हणून दिवंगत स्वतः, इस्त्रीचा शर्ट घालून, कार्यालयीन वेळेत उपस्थित राहतील. नात्याच्या रकान्यात 'तोच' असे नमूद करण्याची सोय करण्यात यावी. तसेच दिवंगतांस त्यांच्याच फलकाखाली, त्यांच्याच स्मृतिप्रीत्यर्थ, रोज संध्याकाळी वादन करण्याची कायम परवानगी मिळावी, आणि ते प्रत्यक्षात मरण पावेपर्यंत त्यांचा उजवा डोळा विभागाने आहे तसा मिटलेला राखावा, ही नम्र विनंती."