आमेनच्या आधी

डिंपे, फक्त ऐक. मधात बोलू नको, अन् हसू तं मुळीच नको. परवाच्या रविवारचं हाय हे. वंदनावहिनीनं सोता मले सांगतलं.

तं वंदनावहिनी अन् तिची सासू झुंबरबाई, दोघी सकाळी निघाल्या प्रार्थनेले. जळगाव जामोदच्या वरतं, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव. प्रार्थना भरते पल्याडच्या वाडीत, मधात सारं जंगल. झुंबरबाईले दम लागते, म्हनून वाटेतल्या मोहाच्या झाडाखाली ती दगडावर टेकते. अन् टेकली का सुरू! डोळे मिटून, हात वर करून, मोठ्यानं. एकदा मिटले का आमेन झाल्याबिगर म्हातारी डोळे उघडत नाई. चुलीवर दूध उतू गेलं तरी नाई!

वहिनीचं सारं उलटं. चार मानसांत तिच्या तोंडून प्रार्थना निघतच नाई. मनातल्या मनात मागते, तेबी "प्रभू, जमलं तं... तुले तरास नसन तं..." असं. त्या दिवशीबी सासूनं तिले वाटेत झाडलंच.

"काऊन वं, देव काय तहसीलदार हाय का? बापाजवळ लेकरू अर्ज करते का? पदर धरून वढते. तशी माग!"

"मले भेव वाटते आत्याबाई. मागतलं अन् नाई भेटलं तं?"

"तं रड त्याच्याचजवळ. पन माग तं आधी!"

मंग मोहाचं झाड आलं. म्हातारी टेकली, सुरू झाली. वहिनी जराशी मागं थांबून चपलीतला काटा काढून राह्यली होती. खाली मोहाच्या फुलांचा सडा पडला होता. तिकडून फुसफुस, फुसफुस आवाज. वहिनीले वाटलं कोनाची म्हैस असन. मान वर केली तं अस्वल!

खरंखुरं अस्वल, डिंपे. काळं, झिपरं. मोहाचे फुलं खात खात म्हातारीच्या पाठीशी आलेलं. मधात एका खाटेएवढीबी जागा नाई.

वहिनीनं तोंडावर पदर दाबला. काऊन का, अशी किंकाळी ऐकून तं सासूबी डोळे उघडन. अन् झुंबरबाई प्रार्थनेत वाघीन असन, पन घरात सरडा निंगाला तं अंगनात पळते! ती पळाली का अस्वल मागं. मांगच्या साली वाडीतला एक मानूस असाच पळाला होता, त्याचं अर्धं तोंड राह्यलं नाई. जंगलखात्याचे लोक सांगून गेलते का हलू नका, पळू नका.

अन् म्हातारी आपली चालूच. "प्रभू, माह्या लेकाले, दीपकले, खामगावात सांभाळ. कापसाच्या जिनिंगवर मशिनीपासून त्याले राख..." अस्वलानं मान वर केली. नाक लांब करून म्हातारीचा पदर हुंगला. अन् झुंबरबाई काय म्हनते मालूम? "हाव बाप्पा, तू जवळ हायस, मले जानवून राह्यलं!"

हसू नको म्हटलं ना तुले!

मंग वहिनीच्या ध्यानात आलं का, म्हातारीची प्रार्थना सरत आलती. दीपक झाला, गाव झालं, दुखनेकरी झाले. आता आभार मानन, आमेन म्हनन, अन् डोळे उघडन.

त्यांच्यात कसं हाय, एकाची प्रार्थना सरायच्या आत दुसऱ्यानं उचलली का पहिल्यानं तसंच डोळे मिटून बसा लागते. "येशूच्या नावानं मांगते..." म्हातारी म्हटली, अन् आमेनच्या आधी वहिनीनं तोंड उघडलं.

"हे बापा!"

मोठ्यानं. जन्मात पहिल्यांदा. अस्वल गरकन फिरलं अन् सीधं तिच्याकडं पाह्यलं.

 पन तिनं आवाज थांबू दिला नाई, चढूबी दिला नाई. "बापा, मी आज जमलं तं म्हननार नाई. मले माही सासू पायजे. धडधाकट पायजे. आत्ताच पायजे. हे संकट इथून ने, मी तुले सोडत नाई." अन् तिकडून म्हातारी खुश होऊन, "हाव प्रभू! ऐक सुनेचं!"

अस्वल दोन पायांवर उभं राह्यलं. वहिनी त्याच्या डोळ्यांत पाहून मांगतच राह्यली. तेच तेच मांगे. देवाशी बोलून राह्यली का अस्वलाशी, तिचं तिलेच समजेना. मंग ते खाली झालं, आनखीन दोन फुलं खाल्ले, अन् नाल्याकडच्या झुडपांत शिरलं.

तरी वहिनीच्या तोंडून आमेन निघेना! शेवटी म्हातारीच वैतागली. "अवं, सरव ना आता, माह्या पायाले मुंग्या आल्या!"

मंग आमेन झालं. वहिनीनं मातीत उमटलेला अस्वलाचा पंजा दाखवला, तं झुंबरबाई उठता उठता मटकन खालीच बसली. वाडीपर्यंत वहिनीनं तिले धरून नेलं.

मी इचारलं, "वहिनी, मांगताना भेव गेलं का?" ती म्हने, "कुठचं वं? भेव होतंच. भेवातच मांगलं."

आता तू बोल डिंपे. तुह्या डोळ्यांसमोर अस्वल, अन् म्हातारी आता आमेन म्हननार. तू काय केलं असतं?