डहाळी नसलेलं घर

संध्याकाळी अख्ख्या गल्लीत लसणाच्या फोडणीचा वास सुटला होता. झुंबरबाईच्या दाराशी तो नव्हता, म्हणून यशोदाबाई थांबल्या. चूल पेटलेली, भाजी शिजत होती, पण तेलाचा चरचराट नाही. घरात गोवर निघाला की देवी आली म्हणून फोडणी बंद करतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. साक्रीकडच्याच खेड्यात त्या वाढल्या होत्या, आणि आता याच भागात नर्स होत्या.

अशा वेळी दारावर लावतात ती कडुलिंबाची डहाळी मात्र नव्हती. तिथंच सगळं चुकलं होतं. "ताप कुणाला विचारत बसू नका, दारं बघा. डहाळी दिसली की गोवर सापडला," असं यशोदाबाईंनी तालुक्याच्या बैठकीत मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. साहेब खूश झाले. मग जो तो डहाळ्या शोधत हिंडू लागला. डहाळीमागोमाग दवाखान्याची गाडी येते, पोरांचं रक्त काढतात, हे लोकांना कळायला कितीसा वेळ लागणार? त्यांनी डहाळ्या घरात नेल्या.

"झुंबरमाय, घरमा कोन आजारी शे?"

"कोनी नही. बठ्ठा बरा शेतस."

यशोदाबाई चपला काढून सरळ आत शिरल्या. कणगीमागं गोधडीवर झुंबरबाईची नात भूमिका पडली होती, उशाशी लिंबाचा पाला. पुरळ काळं पडलेलं, डोळे चिकटलेले, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या. शेजारी तिची आई पुनम पदरानं वारा घालत बसली होती. ऊसतोडीला दरवर्षी गुजरातेत जायचं, त्यात पोरीची लस राहिली. परत आल्यावर, सुईनं ताप येतो म्हणून आजीनं नको म्हटलं.

"आते तरी लई चाला," यशोदाबाई म्हणाल्या. या वेळी झुंबरबाई आडवी आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुळ्याच्या दवाखान्यात भूमिका गेली.

मातीला गेलेली माणसं परतल्यावर लगेच लशीचा डबा घेऊन त्या घराजवळ जायचं, हे यशोदाबाईंच्या जिवावर आलं होतं. पण गोवर कुणाच्या दुःखासाठी थांबत नाही. गल्लीत लस न घेतलेली पोरं अजून पुष्कळ होती. ओट्यावर बायका बसल्या होत्या. झुंबरबाईनं डबा पाहिला आणि सगळ्यांसमोर विचारलं,

"सिस्टर, मी लिंब दारवर लायता ते तू तवळच येती ना? मन्ही पोर वाचती ना?"

यशोदाबाईंची जीभ तिखट म्हणून गावोगाव प्रसिद्ध होती. हलगर्जी आयांना त्यांनी भर चौकात झोडलं होतं. पण या बाईच्या तोंडाकडे बघून त्यांना खरं सांगवेना. पोर बहुधा वाचली असती. आणि डहाळी आत गेली ती कुणाच्या शहाणपणामुळं, हेही त्यांना ठाऊक होतं.

"नही माय," त्या म्हणाल्या. "दुखनंच मोठं व्हतं. सुई दिधी असती तरी पोर हाती लागती नही."

झुंबरबाईनं नुसती मान हलवली. यशोदाबाईंना वाटलं, चला, म्हातारीला तेवढाच आधार.

शेजारच्या पुष्पाबाईच्या दारात त्यांनी डबा टेकवला, तर तिनं नातवाला मागं ओढलं. "कसाले टोचतस मन्हा पोऱ्याले? आतेच बोलनी ना तू, सुई दिधी असती तरी पोर वाचती नही? आम्ही बठ्ठ्यास्नी ऐकं."

ओट्यावरच्या बायकाही उठल्या. कुणी पोराला घरात ढकललं, कुणी दार लोटलं. खरं सांगायचं तर ते मोठ्यानं, झुंबरबाईच्या देखत सांगावं लागणार होतं. यशोदाबाईंच्यानं ते होईना. आपल्याच दयेची त्यांना चीड आली.

तेवढ्यात मागून झुंबरबाईचा आवाज आला.

"पुष्पा, ती खोटं बोलनी."

सुतक असूनही म्हातारी भिंतीला धरत गल्लीत उतरली होती. "मन्हासाठे खोटं बोलनी ती. पोरले मीच कणगीमांगे दपाडी ठेयेल व्हतं. पोऱ्याले आन आठे."

झुंबरबाई पुष्पाबाईच्या पायरीवर बसली आणि तिनं हात पुढं केले. सुतकातल्या बाईनं परक्या लेकराला शिवू नये, पण पुष्पाबाई नाही म्हणाली नाही. पोरगं भोकाड पसरून लाथा झाडू लागलं. म्हातारीनं त्याला मांडीवर घट्ट आवळलं, बाही वर केली आणि दंड पुढं धरला.

यशोदाबाईंनी सुई टोचली.

पोरगं रडत आजीकडे पळालं. मिटलेल्या दारांकडे बघत झुंबरबाईनं हाक दिली, "आखो कोन शे?"

एक दार किलकिलं झालं. त्या दारातलं पोर येईपर्यंत म्हातारी मांडी तशीच पसरून बसून राहिली.