टमाट्याच्या बाटलीतला भोपळा

मी भोपळा बोलतोय. तांबडा, पोटाचा मोठा, दिंडोरीकडचा. माझं वय विचारू नका. आमचं बी मातीत गेलं की तोच जीव नव्या वेलावर डोळे उघडतो. म्हणून मला मागच्या सगळ्या जन्मांचं आठवतं, आणि झालेला अपमान तर आधी आठवतो.

तर ऐका. एक होता गोटीराम, एक होती त्याची बायको लंकाबाई, आणि त्यांच्या बांधाला लागून एक होती कंपनी. दोघांनी पिकवायचं, तिसरीनं गिळायचं, असा तो शेजार.

कंपनीचं नाव लालबुंद फूड्स. ब्याण्णव साली प्रफुल्लशेठनं नारळ फोडला आणि गावाला सांगितलं, "टमाटे लावा. एकही वाया जाऊ देणार नाही." गोटीरामनं सगळ्या रानात टमाटे लावले. पहिल्या वर्षी शेठनं त्याला हार घातला.

मग शेठला शोध लागला की लाल सॉसला टमाटा लागतच नाही. मला शिजवायचं, रंग टाकायचा, आंबट टाकायचं, साखर ओतायची. बाटलीवर मात्र टमाटा हसतोय! खऱ्या टमाट्याचे क्रेट गेटवरून परत फिरले. "रंग नाही," म्हणाले. गोटीरामनं ते म्हशींपुढं ओतले. म्हशींनी रंग विचारला नाही.

रान पडीक पडलं. लंकाबाई त्याच कंपनीच्या मागच्या शेडमध्ये मला चिरायला लागली. मला मांडीवर घेऊन म्हणायची, "तुझ्यावर राग नाय रं बाबा. तुझ्याआड लपलाय त्याच्यावर हाय." तिला एकच हवं होतं, आपलं रान पुन्हा लाल झालेलं.

इकडं शेठला 'शेतकऱ्यांचा मित्र' म्हणून शाल मिळाली. समारंभात वडे होते. वड्यांबरोबर मीच होतो.

आमच्याकडं बाया अख्खा भोपळा कापत नाहीत. भोपळा म्हणजे घरचा थोरला लेक. पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग बाईनं फोडी करायच्या. त्यासाठी शेडमध्ये बारकूतात्या होते. घाव घालायचा आणि विडी ओढायची, एवढंच त्यांचं काम.

दोन हजार चार साली मुंबईच्या मोठ्या हॉटेलांसाठी सॉस घेणारे एक साहेब कंपनी बघायला आले. शेठनं बारकूतात्यांना टमाट्याचा फुगीर वेश चढवून गेटवर उभं केलं, बाकीचे गडी स्वागताच्या मांडवात पाठवले. शेडमध्ये राहिल्या बाया, आणि ढिगानं मी.

साहेब हात धुवायला नळ शोधत मागं आले. इतकी वर्षं मी याचीच वाट बघत होतो. ढिगावरून सुटलो तो गडगडत थेट त्यांच्या बुटापाशी.

लंकाबाईनं कोयत्याचा दांडा त्यांच्यापुढं केला. "बरं झालं आलात साहेब. तेवढा पहिला घाव घाला. बाईमाणसानं घालायचा नसतो."

"भोपळा? हा कशाला?"

"सॉसमधी."

"टमाट्याच्या?"

"टमाटा बाटलीवर हाय की. आत कशाला घालायचा?"

शेठ धावत आला. "साहेब, ही कामगारांची भाजी!"

"तीन ट्रक?" मागून फोडी करणारी चांगुणा बोलली. "शेठ, आम्ही काय हत्ती हाय?"

साहेबांनी घाव घातला. मी पिवळाधमक उघडलो. असं मरण नशिबानंच मिळतं. बिया लंकाबाईनं पदरात बांधल्या.

साहेब न जेवता निघाले. जाताना विचारलं, "खरे टमाटे कुणाकडं मिळतील?"

"आमच्याकडं," लंकाबाई म्हणाली. "फक्त लावायचे राहिलेत."

पुढं तपासणी झाली, बाटल्या दुकानांतून परत आल्या, गेटला कुलूप लागलं. शेठ त्या कुलपापुढं बसून रडला. मला दया आली नाही. अजून येत नाही.

आता मी लंकाबाईच्या बांधावर वेलाला आहे. माझे घारगे करा, भाजी करा, पण राजरोस करा. समोर सगळं रान लाल झालंय. साहेबांचा टेंपो हॉर्न वाजवतोय आणि लंकाबाई वाफ्यातून ओरडतेय, "थांब की मुडद्या, अजून निम्मं रान तोडायचं हाय!"

तिचं भलं झालं, तसं ऐकणाऱ्या सगळ्यांचं होवो. प्रफुल्लशेठ ऐकत असेल तर त्याला सोडून.