सोनेरी लाळ

आमचे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, जुने मोबाइल आणि हातात धरून खेळायचे गेम घेतात, रंगाचा फवारा मारतात आणि नव्यासारखे करून विकतात. फवारा असा जबरदस्त, की एकदा मधे सापडलेली माशी सोनेरी झाली आणि एका गिऱ्हाइकिणीने तिला कानातलं समजून जोडीचं दुसरं मागितलं. खोटं वाटत असेल तर माशीला विचारा.

असाच एक सोनेरी गेम दाजींनी आपल्या नातवाला दिला. बाळाचे दात येत होते. मी भाचीकडे गेलो तेव्हा पोरगं त्याचा कोपरा चघळत बसलेलं. हिरड्या सोनेरी, हनुवटीवरून सोनेरी लाळ.

"बघा मेहुणे, नातू कसा झळकतोय!" शेजारीच बसलेले दाजी खूश.

मी गेम हिसकावला, तर तो माझ्या अंगठ्यालाच चिकटला. ओढला तशी रंगाची सालच सुटून आली. खाली जुन्या रबरी मुलाम्याचा काळा, पाघळलेला राडा. त्यात आधीच्या मालकांचे केस, नखाची कोर, कानातला मळ आणि एक मुंगी. मुंगीने माझ्याकडे मोठ्या आशेने पाहिलं.

"बाबा, जुना थर खरवडला नाहीत?" भाचीने विचारलं.

"अगं, वरून रंग मारला की आतलं कोण बघतंय?"

"माझं बाळ आठवडाभर बघतंय. जिभेने!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "रंगाचा डबा आणा. आत काय आहे ते वाचायला हवं. शिसं असेल तर मुलाला फार वाईट."

दाजी धावत गेले आणि बादली घेऊन आले. गाडीच्या बंपरचा, फाटकाचा, खुर्च्यांचा, जो उरेल तो रंग त्यांनी तिच्यात ओतून कालवलेला. वर दाट साय धरलेली, सायीत एक झुरळ उताणं पडलेलं. वास असा, की भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं थांबलं.

"यात काय काय आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सोनेरी," दाजी म्हणाले.

"रंग दिसतोय मला. आत काय आहे?"

दाजींनी बादलीत वाकून पाहिलं. त्यांनाच ठाऊक नव्हतं.

"बोट बुडवून चाटा बरं, बाबा," भाची म्हणाली.

हट्टाला पेटून दाजींनी बोट बुडवलं, ओठांपर्यंत नेलं आणि तिथेच त्यांना अशी उबळ आली, की ते बेसिनकडे पळाले.

"बाळाला मात्र चाललं," भाची म्हणाली.

रक्त तपासलं. शिसं निघालं. थोडं होतं, उतरेल म्हणाल्या डॉक्टरीणबाई, पण पुन्हा तपासायचं. दाजींनी बाळाला घ्यायला हात पुढे केले. भाचीने बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं.

"दुकानातला एकेक नग खरवडा. मग या."

दाजी खरवडतायत. निघालेल्या घाणीचा गोळा एवढा झालाय, की दुकानाचं शटर खाली येत नाही. काल त्यांनी भाचीला फोन केला. "संपत आलंय गं. येऊ का?"

"नखांखालचं निघालं?"

दाजींनी बहुतेक नखं पाहिली. कारण पलीकडून आधी खरवडल्याचा आवाज आला, आणि मग फोन ठेवल्याचा.