जोडीतला दुसरा

"दांडीला हात लावलाच नव्हता हो, तरी खुर्ची सुटली!" मास्तर सांगत होते. "सरळ जिन्याच्या तोंडाशी. हिने मागून धरली म्हणून आज तुमच्यासमोर बसलोय."

मास्तर निवृत्त भूगोलशिक्षक; कमरेखाली अंग लुळं पडलेलं. विजेवर, हाताजवळच्या दांडीने चालणारी त्यांची चाकांची खुर्ची दुरुस्तीच्या टेबलाजवळ उभी होती आणि ते बाकावर, बायकोच्या खांद्याला टेकून.

दुरुस्तीवाली बाई पंधरा वर्षं अशाच खुर्च्या दुरुस्त करत आली होती. याच खुर्चीच्या सर्किट बोर्डावरचा एक ट्रान्झिस्टर तिने तीन आठवड्यांपूर्वी बदलला होता. त्या दिवशी कोरडी थंडी पडली होती. तिच्या अंगात नायलॉनचं जाकीट, बाही घासली की चटचट वाजणारं. अंगावरची वीज जमिनीत सोडणारा मनगटपट्टा खिळ्यालाच लटकत राहिला होता. 'एवढ्याने काय होतंय,' म्हणत तिने नवा ट्रान्झिस्टर तसाच बोटांनी उचलला होता.

हे तिने सांगितलं नसतं तर कुणालाही कळलं नसतं.

"मास्तर, चूक माझी असू शकते," ती म्हणाली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

"नुसत्या हाताने?" मास्तरांना पटेना.

"हा ट्रान्झिस्टर म्हणजे मोटरच्या विजेचं दार. ते उघडझाप करणाऱ्या पायाला गेट म्हणतात. गेटच्या खाली काचेसारखा थर असतो, अगदी पातळ. आपल्याला जाणवतही नाही एवढी ठिणगी त्याला भोक पाडते. कधी लगेच मरतो, कधी महिन्याने. आणि मरताना बहुतेकदा दार उघडंच ठेवून जातो. मग मोटर थांबतच नाही."

"म्हणजे हे जिन्यावरून खाली गेले असते तर?" मास्तरांच्या बायकोचा आवाज चढला. "तुमची नुसती 'चूक' झाली असती, आणि आमचं?"

बाईने मान खाली घातली.

"अगं, थांब," मास्तर म्हणाले. "पेपर तपासायच्या आधीच नापास करतेस होय? उघडा हो तुम्ही."

तिने आधी मनगटाला पट्टा बांधला. त्या मोटरला शेजारी-शेजारी दोन ट्रान्झिस्टर होते. एक तिने बसवलेला, दुसरा जुना. दोघं जोडीने काम करत, त्यामुळे बोर्डावर असताना कोण मेलाय ते समजत नसे. दोन्ही उतरवावे लागले. कथिलाचे डाग तापवून तिने त्यांचे पाय सोडवले.

तिने आधी स्वतःचा घेतला. वीज वाहिली की वाजणाऱ्या मीटरच्या सुया त्याच्या पायांना टेकवल्या. मीटर वाजला नाही; म्हणजे दार बंद. गेटला सुई लावून किंचित वीज दिली, तेव्हा दार उघडलं. सुई काढली तरी उघडंच राहिलं; गेटवर वीज टिकत होती, म्हणजे थर शाबूत. मग तिन्ही पायांवर एकदम बोट ठेवलं. दार बंद. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. ट्रान्झिस्टर ठणठणीत होता.

मग जुना. सुया टेकल्या न टेकल्या तोच मीटर किंचाळला.

"हा गेलाय. जुना," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. डोळे भरून आले ते तिला आवरले नाहीत. मास्तरांच्या बायकोने पाण्याचा पेला पुढे केला.

तरी तिने दोन्ही नवे घातले.

"तो चांगला निघाला ना?" मास्तरांनी विचारलं.

"आज चांगला आहे. तो मी कसा हाताळलाय ते मला माहीत आहे."

खुर्ची तयार झाली, पण मास्तर बसेनात. तेव्हा ती स्वतः बसली. अंगणात भिंतीच्या रोखाने खुर्ची पळवली आणि दांडी सोडली. खुर्ची जागच्या जागी थांबली. तिने उलटी नेली, वळवली, दहा वेळा सोडली. दहाही वेळा थांबली.

"आता द्या," मास्तर म्हणाले.

दोघींनी मिळून त्यांना बसवलं. फाटकाकडच्या उतारावर बायकोचा हात सवयीने खुर्चीच्या पाठीकडे गेला.

"राहू दे," ते म्हणाले.

तिने हात मागे घेतला. उतार संपेपर्यंत ती जपून, दोन पावलं मागेच राहिली. मग रस्त्याला लागल्यावर त्यांच्या शेजारी आली, आणि दोघं एका चालीने बोलत निघाले.