बारा ते एक प्रवेश बंद

वृद्धाश्रमाच्या दारावर पाटी होती: जेवणाच्या वेळी, बारा ते एक, नातेवाइकांना प्रवेश बंद. डोरीन क्रॉशॉ बारा वाजून पाच मिनिटांनी मुद्दाम त्याच पाटीखाली येऊन उभी राहिली आणि तिने घंटीवर ठेवलेलं बोट उचललंच नाही.

मॅनेजर लोरेनने दार वीतभर उघडलं. "एकनंतर या, डोरीनबाई. नियम ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"सकाळी अंघोळी चालू म्हणून परत पाठवता, एकनंतर आलं की बहीण झोपलेली. जेवण आटोपलं की तुम्ही तिची कवळी काढून धुवायला नेता, गोळी देता आणि पांघरूण घालता. तीन आठवडे मी तिच्या घोरण्याशी गप्पा मारतेय."

लोरेनने आवाज मऊ केला. तिच्या हातात एक कागद होता. "एडना जेवत नाही हो. घास तोंडात घातला की थुंकते. पाच किलो उतरलीय. पक्षाघाताच्या झटक्याने वाचा गेली, आता जगायची इच्छाही गेलीय. दवाखाना नको, बळजबरी नको, शांतपणे जाऊ द्यावं, एवढंच यात लिहिलंय. तुमची सही झाली की आम्हाला पुढचं बघता येईल."

इच्छा गेलीय म्हणे. एडनाची. जी दोन नवऱ्यांना पुरून उरली आणि तरी दर शुक्रवारी नाचायला जायची, तिची इच्छा. डोरीनच्या मस्तकात तिडीक गेली.

तिनेही पर्समधून कागद काढला. ग्रंथालयातल्या बाईकडून छापून घेतलेला, चार घड्यांचा. "आधी हा वाचा. गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून कायदा झालाय. आश्रमातल्या माणसाला भेटायला कुणी आलं तर तुम्ही अडवायचं नाही. अगदीच भारी कारण असेल तरच, आणि ते कारण तुम्ही दाखवायचं."

"तो भेटीगाठींचा कायदा आहे, जेवणाचा नाही. जेवताना शांतता लागते सगळ्यांना."

"कायद्याने दुपारच्या जेवणाला सुट्टी दिलेली मला तरी कुठे दिसली नाही."

"इथलं पटत नसेल तर तिच्यासाठी दुसरी जागा बघा," लोरेन म्हणाली आणि दार लावून घेतलं.

या एका वाक्याला गावातले सगळे नातेवाईक भीत. दुसरी जागा मिळायची कुठे? डोरीनलाही तीच भीती होती, खोटं कशाला बोला. पण ती वळली ती घरी जायला नाही. कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून ती जेवणघराच्या खिडकीशी गेली आणि अंगठीने काच वाजवली.

आत एडना बसली होती. गालांची हाडं वर आलेली, पुढ्यात बटाट्याचं सारण भरून भाजलेली पाई आणि तांबड्या कोबीचं लोणचं. शेजारी आश्रमातली सेविका तेंदाई चमचा घेऊन विनवत होती. एडनाने मान वर केली, डोरीनला पाहिलं आणि तिचे ओठ हलू लागले.

नेल्सन गावच्या कापडगिरणीत दोघींनी सोळा वर्षं माग चालवले होते. तीनशे मागांच्या खडखडाटात स्वतःचाही आवाज ऐकू येत नसे, तेव्हा तिथल्या बाया ओठांनीच बोलत. लफडी, शिव्या, भाज्यांचे भाव, सगळं तोंड मोठं करून, आवाजाशिवाय. दात नसले की एडनाचे ओठ आत वळत आणि काही उमगत नसे. आज तोंडात कवळी होती.

"दात माझे नाहीत," एडना काचेपलीकडून ओठांनीच म्हणाली. "चावलं की हिरड्या सोलतात. ओरडू कशी?"

डोरीनने कपाळावर हात मारला.

तेंदाई दोघींच्या तोंडांकडे बघत राहिली. मग तिने दरवाज्याकडे एकदा पाहिलं, उठली आणि बागेकडचं दार उघडलं. "मावशी, लवकर या. माझा या देशात राहायचा परवाना यांच्याच नोकरीवर आहे."

डोरीनने बहिणीच्या तोंडातली कवळी अलगद काढली. हिरड्या लालबुंद, दोन ठिकाणी फोड. एकविसाव्या वाढदिवसाला बापाने एडनाचे सगळे दात उपटवून कवळी भेट दिली होती, तेव्हा त्या भागात तशीच रीत होती. पुढे कवळ्या बदलल्या, पण पुढचा एक दात सोन्याचा, हा तिचा हट्ट प्रत्येक वेळी पुरवावा लागला. या कवळीत सोनं औषधालाही नव्हतं.

"रात्रपाळीवाले सगळ्यांच्या एकाच वाडग्यात भिजवतात," तेंदाई पुटपुटली.

समोरच्या विनीबाईंनी डोरीनकडे बघून गोड हसून दाखवलं. त्यांच्या तोंडात एडनाचा सोन्याचा दात चमकत होता.

कवळ्या धुऊन ज्याच्या त्याच्या तोंडात जातायत तोवर लोरेन धावत आली. "यांना आत कुणी घेतलं?"

तेंदाईचा चेहरा उतरला. डोरीन मध्ये उभी राहिली. "मी ढकलून आले. तक्रार करायची तर माझी करा. मी तुमची करणारच आहे. आश्रम तपासायला येतात ना, त्यांना ही पाटी आणि हे वाडगं दोन्ही दाखवते. दुसरी जागा कुणी शोधायची ते मग बघू."

लोरेनने हातातला कागद अजून सोडला नव्हता. एडनाने त्याच्याकडे बोट केलं आणि तिचे ओठ हलले.

"काय म्हणतेय ती?" लोरेनने विचारलं.

"म्हणतेय, तीन आठवडे माझ्या उशाशी बसून याच कागदाबद्दल बोलत होतात. मुकी झालेय, बहिरी नाही."

डोरीनने लोरेनच्या हातातून कागद घेतला आणि चार तुकडे करून टेबलावर ठेवले. तेंदाईने चमचा उचलला, पण एडनाने मान हलवली, डाव्या हाताने तो स्वतःच घेतला आणि पाईचा मोठा घास तोंडात घातला. सावकाश चावला. गिळला. मग पुन्हा बहिणीकडे वळून ओठ हलवले: कोबी दे.

डोरीनने कोबीची वाटी तिच्यापुढे सरकवली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.